सात लेखक आणि छोटेसेच बदल

"अगं, छोटेसेच बदल आहेत," असं बाबा फोनवर म्हणाले, तेव्हाच थोरलीने सावध व्हायला हवं होतं. वेबसाइटी बांधायच्या धंद्यात तिला चौदा वर्षं झाली होती, आणि 'छोटासा बदल' हे शब्द ज्याच्या ज्याच्या तोंडून निघाले होते, त्याने तिचे किमान तीन रविवार गिळले होते. पण इथे मागणी सख्ख्या वडिलांची. गिऱ्हाइकाला 'बघते, कळवते' म्हणून टांगून ठेवता येतं. बाबांना टांगलं की आईचा फोन येतो.

ब्लॉग सात जणांचा होता. सातही जण निवृत्त. सातही जणांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, म्हणून ते रोज सकाळी बागेत जाऊन एका लांब बाकावर बसत. बसून बसून विचार साचले आणि साचलेल्या विचारांचा ब्लॉग झाला. नाव ठरवायलाच तीन महिने गेले. दंतवैद्यांना 'चिंतन' हवं होतं, कवींना 'अनुनाद', आणि मुख्याध्यापिकाबाईंना यातलं काहीच नको होतं. शेवटी कुणाचं मन मोडायला नको म्हणून 'चिंतन, अनुनाद आणि इतर' असं नाव पडलं. सात लेखक, सात वार. सोमवार दंतवैद्यांचा, कारण अध्यक्ष तेच होते. मंगळवार बाबांचा.

बाबा चौतीस वर्षं सरकारी लिफ्ट-निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावर आठ महिने ते दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून होते. आता कुणीतरी येईल आणि लिफ्ट अडकलीय म्हणून बोलावून नेईल, अशा थाटात. कुणी आलं नाही. जेवताना 'मीठ दे' एवढे दोन शब्द बोलत. थोरली तेव्हा घाबरली होती, आणि घाबरली होती हे ती कुणापाशी बोललीही नव्हती. मग हा ब्लॉग निघाला आणि बाबांचं 'वर-खाली' हे सदर सुरू झालं. लिफ्टचे दोर, लिफ्टची दारं, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं. सोमवारी ते लिहीत, मंगळवारी सकाळी दाढी करून छापत आणि उरलेला आठवडा माणसासारखे बोलत. म्हणून जगात दुसऱ्या कुणी बोलावलं असतं तर ती गेली नसती, पण इथे गेली.

बैठक दंतवैद्यांच्या बंद पडलेल्या दवाखान्यात, रुग्णांनी वाट बघत बसायच्या खोलीत झाली. भिंतीवर पुरुषभर उंचीच्या दाढेचं चित्र होतं. त्याखाली सातही साहित्यिक ओळीने बसले होते, जणू आता एकेकाचं नाव पुकारलं जाणार.

"आपला ब्लॉग जरा हळू उघडतो," दंतवैद्य म्हणाले. "तेवढं बघ. आणि माझा फोटो किंचित मोठा कर."

"अक्षरं मोठी हवीत," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पण लेख एका नजरेत मावला पाहिजे. खाली-खाली सरकवत बसायचं नाही."

"त्या पडद्यावर पाकळ्या पडतात ना," कवी म्हणाले, "त्या थोड्या सावकाश पडू देत. भाव साधत नाही."

उरलेल्यांचे बदलही असेच छोटेसे होते. होमिओपॅथना मागे वाजणारी बासरी थोडी ठळक हवी होती. एकाला दुसऱ्याच्या फोटोइतकाच फोटो हवा होता, त्या दुसऱ्याला पहिल्यापेक्षा कमी चालणार नव्हता. बाबा तेवढे गप्प होते.

"तुमचं काय, बाबा?"

"माझं काही नाही. लेख उघडला म्हणजे झालं."

"त्यांचं सदर आधी शंभरीत टिकू दे," दंतवैद्य हसत म्हणाले. ते हसले की समोरच्याला आपला एखादा दात हलतोय असं वाटे.

शंभरीचा नियम हे त्यांचंच अपत्य. प्रत्येक लेखाच्या तळाशी एक मोजणी होती, जुन्या विजेच्या मीटरसारखे फिरणारे आकडे. ज्याच्या त्या महिन्यात छापलेल्या लेखांची मोजणी शंभराच्या खाली जाईल त्याचं सदर बंद, आणि त्याचा वार अध्यक्षांकडे. लिफ्टवर कोण वाचणार, या हिशोबाने नियम झाला होता हे बाकावरच्या चिमण्यांनाही ठाऊक होतं. पण बाबांच्या प्रत्येक लेखाला दीडशे-दोनशे वाचक पडत. दर बुधवारी चहाच्या वेळी बाबा तो आकडा अगदी सहज, हवामान सांगावं तसा सांगत. आई म्हणे, "लोकांना उद्योग नाहीत."

थोरलीने घरी जाऊन ब्लॉगचं पोट उघडलं आणि कपाळावर हात मारला. पहिलं पान उघडायला त्रेचाळीस सेकंद. दंतवैद्यांचा फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला. तो छापला असता तर इमारतीच्या भिंतीवर लावता आला असता. असे सात. त्यावर पाकळ्या, त्यावर बासरी, त्यावर अकरा प्रकारची अक्षरं, कारण प्रत्येकाला 'आपलं' अक्षर हवं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ती मोजणी. कवींच्या जावयाने ती अशी बसवली होती की पान मागितलं रे मागितलं, आधी आकडा एकने वाढायचा आणि मग पान उघडायला लागायचं. उघडलं तर उघडलं. म्हणजे जेवण वाढायच्या आधीच पाहुणा जेवून गेल्याची नोंद.

तिने दोन आठवडे काम केलं. फोटो आटोपशीर केले. पाकळ्या झाडून काढल्या. बासरीला एक बटण दिलं, ज्याला हौस असेल त्याने दाबावं. अकरा अक्षरांची दोन केली. मोजणी बदलली: लेख पूर्ण उघडला तरच मोजायचं, एका यंत्राला एका लेखासाठी एकदाच, आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं धरायचंच नाही. पान सव्वा सेकंदात उघडायला लागलं. तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली, कारण दुसरं कुणी थोपटणार नव्हतं.

नवा ब्लॉग चालू करायच्या आधी तिने जुन्या नोंदी चाळल्या. आपण किती वाचकांचं भलं करतो आहोत ते बघावं, एवढाच मोह. आणि तिथे सगळ्यांचं पितळ उघडं पडलं. दंतवैद्यांचा 'दाढ आणि दर्शन' हा लेख सहाशे बारा वेळा उघडला गेला होता, त्यातल्या सहाशे वेळा दंतवैद्यांच्याच घरातून. मुख्याध्यापिकाबाई रोज सकाळी साडेसहाला स्वतःचा लेख चाळीसदा उघडत, शाळेची घंटा द्यावी तशा. कवी तर कविता लिहिण्यापेक्षा उघडण्यातच जास्त रमत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे सहा मुठी उघडल्या आणि सहाही रिकाम्या.

मग तिने बाबांचा मंगळवार उघडला. एकशे चौसष्ट वेळा. जवळजवळ सगळे एकाच फोनवरून, दुपारी दोन ते तीन.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबासुद्धा? ज्या माणसाने चौतीस वर्षांत एका लिफ्टला खोटा दाखला दिला नाही, तो दुपारी बसून आपल्याच लेखाचा आकडा वाढवतो? ती रागावली, आणि रागाच्या खाली तिला रडू येत होतं. मग तिने फोनचा प्रकार पाहिला. सात वर्षांपूर्वीचा, बाजारातून केव्हाच गेलेला. कोपऱ्याला तडा गेलेला असा एक फोन तिने स्वतःच वापरून झाल्यावर घरी दिला होता. बाबांना नव्हे.

मंगळवारी दोन वाजता ती न सांगता घरी गेली. आतल्या खोलीत बाबा घोरत होते. स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि ती ओल्या बोटाने त्याला टोचत होती. थोडं थांबून पुन्हा टोचत होती.

"आई, काय करतेस?"

आईने फोन पालथा घातला. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा आवाज चढवतो तसा चढवून म्हणाली, "तुला आज काम नाही वाटतं?"

"तू बाबांचे लेख वाचतेस?"

"हळू बोल. उठतील." मग पुन्हा फोन सरळ करत ती म्हणाली, "वाचते कसलं! अर्ध्यात अडकतं हे मेलं. पाच-दहा ओळी येतात, मग सगळं पांढरं. पुन्हा दाबायचं, मग आणखी चार ओळी. अजून एकाही लेखाचा शेवट मी बघितलेला नाही."

दोन वर्षं. शंभरावर लेख. थोरलीने ओट्याला टेकून मनातल्या मनात बेरीज केली, आणि बाबांच्या दीडशे वाचकांचा हिशोब लागला. पान बिघडलेलं होतं म्हणून एका बाईचे दीडशे वाचक झाले होते.

"मग त्यांना सांगत का नाहीस? सगळ्यांसमोर लिफ्टपुराण, लिफ्टपुराण म्हणून चिडवतेस."

"सांगितलं तर वाचून दाखवतील!" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती होती. मग भांडं विसळता विसळता म्हणाली, "चौतीस वर्षं घरी येऊन कामाचा एक शब्द बोलले नाहीत. दिवसभर कुठे असायचे, काय करायचे, मला आत्ता कळतंय. तेही अर्धंच. शेवटी काय लिहितात गं?"

 बाबांचं प्रत्येक पान थोरलीने तपासलं होतं. किती सेकंदात उघडतं, किती वजनाचं आहे, सगळं तिला तोंडपाठ होतं. वाचलेला एकही लेख नव्हता.

तिने आईला सगळं समजावलं. नवा ब्लॉग चालू केला की लेख एका दाबात पूर्ण उघडेल. पण मग मोजणीही खरी होईल. महिन्याला चार मंगळवार, म्हणजे चार. शंभरी गेली, सदर गेलं, आणि बाबा पुन्हा त्या खुर्चीत.

आई विचारात पडली. "मी दाबत राहीन की. गोळ्या घेते रोज, तसं."

"आता एका फोनचं एकदाच मोजतं, आई. मीच तसं केलंय."

"फार हुशार झालीस," आई म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. तिने विसळलेलं भांडं पालथं घातलं. शेवटी हात पुसून म्हणाली, "चालू कर तुझं ते. मला एकदा तरी शेवट बघू दे. पुढचं पुढे."

थोरलीने तिथेच, स्टुलावर बसून, नवा ब्लॉग चालू केला. आईने दाबलं आणि दचकली, कारण लेख बोट उचलायच्या आत समोर आला होता. त्या दिवशीचा लेख नऊ मजली इस्पितळाच्या लिफ्टवर होता: दोर कसा झिजला होता, दोघा मिस्त्रींकडून तो तेरा तासांत कसा बदलून घेतला. आई ओठ हलवत वाचत खाली गेली. शेवटच्या ओळी थोरलीने तिच्या खांद्यावरून वाचल्या.

'पावणेनऊला घरी पोचलो. ती खिडकीशी बसून माझ्या शर्टाचं बटण लावत होती. तिला आजचा दिवस सांगावासा वाटला. नाही सांगितला.'

आईने मागचा लेख उघडला आणि थेट तळ गाठला. 'सव्वासातला घरी पोचलो. थोरलीला ताप होता. ती पट्ट्या बदलत होती. माझे हात तेलाचे होते म्हणून दारातच उभा राहिलो.' त्याच्या मागचा. 'साडेआठ. ती रुसली होती. कारण मला माहीत होतं.' प्रत्येक लेखाच्या शेवटी घरी पोचल्याची वेळ होती आणि त्या वेळी ती काय करत होती हे होतं.

"हं," आई म्हणाली. "बटण." आणि तिने ओटा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

महिनाअखेरीस दाढेच्या चित्राखाली तातडीची बैठक भरली. दंतवैद्यांची मोजणी बारा. मुख्याध्यापिकाबाईंची आठ. कवींची सहा, त्यांत एक बासरीचं बटण शोधायला आलेला. बाबांची चार. खोलीत असं वातावरण होतं की जणू कुणी गेलं आहे आणि कोण गेलं हे विचारायची कुणाची छाती नाही.

"वाचक पळाले," दंतवैद्य म्हणाले. "हजारो वाचक! हिने पाकळ्या काढल्या आणि वाचक पळाले."

नाचता येईना अंगण वाकडं, हे थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खोलीत बाबा होते, आणि सातही म्हाताऱ्यांचे चेहरे तिला एकदम शाळेत नापास झालेल्या मुलांसारखे दिसले. घराघरातले सहाशे आणि चाळीस तिने पोटातच ठेवले. ती एवढंच म्हणाली, "नियमाप्रमाणे सातही सदरं बंद करायची ना? अध्यक्षांचंसुद्धा?"

शंभरीचा नियम चाळीस सेकंदांत एकमताने रद्द झाला. त्या ब्लॉगवर याहून वेगाने कधीच काही घडलं नव्हतं. मोजणीसुद्धा काढून टाकावी, असं बाईंनी सुचवलं, आणि सहा हात एकदम वर गेले. बाबांचा हात मांडीवरच होता. त्यांचं लक्षच नव्हतं.

थोरली त्यांना घरी सोडायला गेली. वाटेत ते एकदाच बोलले. "चार मंगळवार, चार. म्हणजे एकच माणूस आहे. बहुतेक चुकून येत असावा." आणि घरी पोचल्यावर ते दाराकडे तोंड केलेल्या त्या खुर्चीत जाऊन बसले. सदर बंद करायला आता नियमाची गरजच उरली नव्हती.

आईने पानं घेतली. तिघं जेवायला बसली. बाबा म्हणाले, "मीठ दे," आणि थोरलीने मीठ पुढे सरकवलं. ती आईकडे बघत राहिली. बोल ना, आता तरी बोल. आई आमटी वाढत होती.

"उद्या सोमवार," आई म्हणाली. "लिहायचंय ना तुम्हाला?"

"बंद करतोय. एका माणसासाठी काय लिहायचं?"

आईने डाव आमटीत ठेवला. "ते बटण धड होतं," ती म्हणाली.

"कुठलं बटण?"

"शर्टाचं. इस्पितळाच्या लिफ्टच्या दिवशीचं. तुटलेलं नव्हतं. मीच तोडलं होतं. नुसतं खिडकीत बसून वाट बघायची लाज वाटायची, म्हणून तुमचं बटण तोडायचं आणि लावत बसायचं. त्या वर्षी तुमच्या एका शर्टाचं एकही बटण मी सुखाने राहू दिलं नाही. आणि पावणेनऊ नव्हते. नऊ वाजून गेले होते."

बाबांचा घास हातातच राहिला. ते आईकडे बघत होते, आणि चौतीस वर्षं अडकलेल्या लिफ्टचं दार उघडताना बघावं तसं थोरली त्यांच्याकडे बघत होती. मग ते म्हणाले, "पुढचा वाचून दाखवू का? लिहून झाला की?"

"बघ!" आई थोरलीवरच उखडली. "म्हणून सांगत नव्हते मी!"

बुधवारी बाबांचा फोन आला. मंगळवारचा लेख लागला होता. इस्पितळाच्या लेखातली घरी पोचायची वेळ दुरुस्त करून झाली होती, 'नऊनंतर, वाचकाच्या माहितीनुसार' अशी. घसा खाकरून ते म्हणाले, "एक छोटासा बदल होता."

थोरलीने डोळे मिटले. "सांगा."

"बाकीच्यांची मोजणी काढलीस ती काढलीस. माझ्या पानावर राहू दे. फक्त तो आकडा जरा मोठा करता येईल?"

"एकचा आकडा? किती मोठा?"

"चष्म्याशिवाय दिसेल एवढा," बाबा म्हणाले.